मक्याचं पान आणि जांभळे जिवाणू: एकच घराणं की नुसता तोंडावळा?

तापीकाठ (अमळनेर):
अकरावीच्या वर्गात बोलून गेलो, 'पानातली प्रकाशप्रणाली-२ (उजेड पकडून पाणी फोडणारं प्रथिनांचं यंत्र) आणि उजेडावर जगणाऱ्या जांभळ्या जिवाणूंचं अभिक्रिया केंद्र (उजेडानं इलेक्ट्रॉन सुटतो ती जागा) एकाच घराण्यातलं.' मागच्या बाकावरून आवाज आला, 'सर, ते जिवाणू ऑक्सिजन कुठं सोडतात?' तरी मी ठाम आहे. डायझेनहोफर, हुबर आणि मिशेल यांनी (१९८८ चं रसायनशास्त्राचं नोबेल) जिवाणूच्या केंद्राची रचना उकलली, तेव्हा एल आणि एम ही जोडप्रथिनं दिसली. प्रत्येकाचे पाच पीळ पेशीच्या पटलातून आरपार. पानातली डी-१, डी-२ ही प्रथिनं तशीच. गंमत म्हणजे तोवर पानातलं केंद्र सीपी-४७ या भलत्याच प्रथिनात शोधलं जात होतं. वाट जिवाणूनं दाखवली.

कपाशीवाला (पारोळा):
सर, पटनं नही. खरी करामत पाणी फोडण्याची. त्यासाठी चार मँगनीज आणि एक कॅल्शियमचा गुच्छ लागतो, तो जिवाणूकडं नाहीच. पानाचं केंद्र ६८० नॅनोमीटर तरंगलांबीचा उजेड शोषतं, जांभळ्या जिवाणूंचं बहुधा ८७० चा, म्हणजे त्या उजेडाची ताकदही कमी. मोट आणि पाणबुडी मोटर दोन्ही पाणी वर काढतात, म्हणून मोटर मोटेची नात का?

तापीकाठ:
मोटेची कणा-नाडा मोटरीत जशीच्या तशी निघाली तर म्हणेन! रंगद्रव्यांच्या दोन फांद्या दोन्हीकडं, आणि इलेक्ट्रॉन दोन्हीकडं एकाच फांदीनं उतरतो. इलेक्ट्रॉन झेलणाऱ्या दोन क्विनोन रेणूंच्या मधे लोहाचा अणूही दोन्हीकडं. गरजेपोटी दोघांना वेगवेगळं सुचलं असतं, तर ही बिनकामाची फांदीसुद्धा जुळली असती?

मकाबांध (चोपडा):
मी शेतकरी, बीएस्सी अर्धवट. आपण मक्यात अ‍ॅट्राझिन मारतो ना, ते तणनाशक तणाच्या डी-१ मधल्या दुसऱ्या क्विनोनच्या खाचेत जाऊन बसतं. त्याच जातीचं टर्ब्युट्रिन जिवाणूच्या केंद्रातही त्याच खाचेत बसलेलं दिसलंय. (मका वाचतो तो खाच वेगळी म्हणून नव्हे, औषध पचवतो म्हणून.) सरांकडं एक मत.

कपाशीवाला:
मग डायुरॉन या दुसऱ्या तणनाशकाचं काय? पानाचं काम बंद पाडतं, जांभळ्या जिवाणूला जवळजवळ काही होत नाही. खाच एक, कुलूप वेगळं. आणि पानातलं दुसरं केंद्र, प्रकाशप्रणाली-१, विसरलात! तिचं नातं हिरव्या गंधक जिवाणूंशी. म्हणजे एका पानात दोन घराणी. 'एकच घराणं' हे वाक्य वर्गात तरी मोडलं पाहिजे.

तापीकाठ:
दोन घराण्यांचं मान्य, उद्या वर्गात दुरुस्त करतो. पण प्रणाली-२ चं भाऊबंदपण सोडणार नाही.

मकाबांध:
भांडा तुम्ही. कालच अ‍ॅट्राझिन मारलंय, वावरात ओल नाही, तण हसतंय.