मदत हवी आहे: राजापूरच्या घरी दरमहा पैसे न भरता सह्याद्री वाहिनी कशी पाहता येईल?

नमस्कार.

राजापूर तालुक्यातल्या आमच्या घरी आई आणि बाबा दोघेच असतात. टीव्हीवर त्यांना जे पाहायचे असते त्याची यादी अगदी छोटी आहे: सह्याद्रीवरच्या संध्याकाळी सातच्या बातम्या, आषाढीला पंढरपूरहून होणारे थेट प्रक्षेपण आणि भारताचा सामना असेल तर क्रिकेट. एवढ्यासाठी गेली सहा वर्षे आम्ही एका खासगी डीटीएच कंपनीला दरमहा पैसे भरत आलो. मार्चमध्ये रिचार्ज संपला तेव्हा बाबांनी "सरकारी वाहिनी बघायला मी पैसे का भरायचे?" असे विचारले आणि पुढचा रिचार्ज करू दिला नाही. प्रश्न रास्त असल्यामुळे मला उत्तर देता आले नाही.

बाबांचा पहिला भरवसा मागल्या दारी लोखंडी पाइपावर अजून उभ्या असलेल्या ॲल्युमिनियमच्या अँटेनावर होता. २ ऑक्टोबर १९७२ रोजी दूरदर्शनचे मुंबई केंद्र सुरू झाले तेव्हा बाबा परळच्या चाळीत होते आणि मालकांच्या खोलीबाहेर उभे राहून त्यांनी पहिल्यांदा टीव्ही पाहिला, त्यामुळे चित्र अँटेनातूनच येते ही त्यांची समजूत पक्की आहे. मी नवी केबल ओढली, टीव्हीवर ऑटो स्कॅन लावला आणि वीस मिनिटांनी पडद्यावर शून्य वाहिन्या आल्या.

त्यानंतर मी बाजारातून डीडी फ्री डिशचा, म्हणजे दूरदर्शनच्या दरमहा पैसे न लागणाऱ्या उपग्रह सेवेचा, बॉक्स आणला. जुन्या कंपनीची छत्री (डिश) पडवीच्या भिंतीवर होतीच, तिलाच हा बॉक्स जोडा, वेगळे काही लागत नाही, असे दुकानदाराने सांगितले. जोडल्यावर बॉक्सच्या पडद्यावर स्ट्रेंग्थ ८२ आणि क्वालिटी ० असे आकडे दिसतात आणि एकही वाहिनी सापडत नाही. दुकानदाराने पाठवलेल्या मुलाने वर पाहून अंगणातला फणस सिग्नल अडवतो असा निकाल दिला. एक तर फणस तोडा, नाही तर कौलांच्या वर पाइप उभारून छत्री चढवा, त्याचे तीन हजार होतील, असे तो म्हणाला. फणस आजोबांनी लावलेला आहे आणि बरका असूनही बाबांना तो टीव्हीपेक्षा प्रिय आहे, त्यामुळे तो तोडण्याचा विषय घरात निघू शकत नाही.

फणस छत्रीच्या बरोबर दक्षिणेला सुमारे सात मीटरांवर आहे आणि त्याचा शेंडा छत्रीपेक्षा अंदाजे सहा मीटर उंच जातो. तो खरोखरच आड येतो का, हा माझा मुख्य प्रश्न आहे. जुनी छत्री चालेल की नवी घ्यावी लागेल, आणि अँटेना कायमचाच निकामी झाला की त्याच्यासाठी दुसरे काही यंत्र मिळते, हेही समजून घ्यायचे आहे. इंटरनेटचा मार्ग सुचवू नये ही विनंती, कारण आमच्याकडे मोबाइलची रेंज विहिरीच्या कठड्यापाशीच मिळते आणि आई-बाबांना बातम्या तिथे उभे राहून पाहायला सांगता येणार नाही.

प्रतिसाद १

आपण दोन्ही आकडे लिहून दिलेत हे फार चांगले केलेत, कारण उत्तर त्यांतच आहे. स्ट्रेंग्थ म्हणजे केबल आणि एलएनबी (छत्रीच्या दांड्यावरचा, सिग्नल पकडणारा छोटा डबा) यांच्याकडून बॉक्सपर्यंत काहीतरी पोहोचते आहे एवढेच. छत्री भलत्याच दिशेला वळलेली असली तरी तो आकडा ८० दाखवू शकतो. हवा असलेला उपग्रह सापडला की नाही हे क्वालिटी सांगते, आणि ती शून्य आहे. फ्री डिशच्या वाहिन्या जीसॅट-१५ या उपग्रहावरून येतात आणि तो ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. आपली छत्री जुन्या कंपनीच्या उपग्रहाकडे रोखलेली असणार, आणि एवढ्या छत्रीला दोन-तीन अंशांचा फरकही पुरेसा असतो. बॉक्स जोडून दुकानदार मोकळा झाला, पण छत्री कोणी हलवलीच नाही, असे मला दिसते.

आता फणसाचे. राजापूरहून हा उपग्रह साधारण आग्नेयेला दिसतो. उत्तरेपासून उजवीकडे मोजत गेले तर सुमारे १२८ अंशांवर, आणि क्षितिजापासून जवळपास ६० अंश उंचीवर. (नागपूरला हीच दिशा १४४ अंशांच्या आसपास येते, उंची मात्र तेवढीच राहते.) फणस बरोबर दक्षिणेला असेल तर तो मुळात वाटेतच नाही. समजा तो आग्नेयेला असता, तरी ६० अंशांच्या उंचीवर पाहताना छत्रीपेक्षा सहा मीटर उंच झाड आड यायला साडेतीन मीटरांच्या आत असावे लागते, आणि आपला फणस सात मीटरांवर आहे. फांद्या किती पसरल्या आहेत ते एकदा पाहून घ्यावे, परंतु झाड तोडायला सांगणाऱ्या मुलाने छत्रीच्या रोखाने वर पाहिलेच नसावे.

छत्री तीच वापरता येईल. एलएनबीवर ९७५०-१०६०० असे आकडे छापलेले आहेत का ते पाहावे. असतील तर तोही चालतो, नसतील तर नवा घ्यावा. फिरवताना एक गोष्ट बहुतेकांना चकवते. एलएनबीचा दांडा खालून पुढे येतो अशा छत्रीचा चेहरा दिसायला बराच उभा असतो. ६० अंशांवरच्या उपग्रहासाठीही तो भिंतीच्या उभ्या रेषेपासून साधारण ३५ अंशच मागे झुकवावा लागतो. आकाशाकडे तोंड करून ठेवलेली छत्री पावसाचे पाणी तेवढे साठवते. दिशेसाठी मोबाइलचे होकायंत्र वापरत असाल तर लोखंडी पाइपापासून चार पावले दूर उभे राहावे, नाही तर ते चुकीची दिशा दाखवते. मग एकाने टीव्हीपाशी बसावे, दुसऱ्याने छत्री बोटभर सरकवून पाच सेकंद थांबावे आणि पुन्हा बोटभर सरकवावी, कारण क्वालिटीचा आकडा मागाहून बदलतो. घाईघाईने फिरवणारा माणूस योग्य जागा ओलांडून जातो आणि त्याला ते कळतही नाही.

अँटेनाबद्दल वाईट वाटते, पण तो आता शोभेचाच आहे. दूरदर्शनने जुनी ॲनालॉग प्रक्षेपण केंद्रे टप्प्याटप्प्याने बंद केली आणि मोक्याच्या ठिकाणची सुमारे पन्नास वगळता उरलेली केंद्रे ३१ मार्च २०२२ पर्यंत बंद करण्याचे ठरवले होते. अँटेनावर दिसणारी डिजिटल सेवा २०१६ साली देशातल्या १६ शहरांत सुरू झाली, त्यांत महाराष्ट्रातली मुंबई आणि औरंगाबाद ही दोनच होती. राजापुरात त्यासाठी यंत्र विकत घेणे म्हणजे पैसे वाया घालवणे आहे.

क्रिकेटच्या बाबतीत मात्र बाबांचा फायदाच आहे. २००७ च्या कायद्यानुसार राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचे प्रक्षेपण खासगी वाहिन्यांना दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीला द्यावे लागते, आणि २०१७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर दूरदर्शन ते फक्त स्वतःच्या प्रक्षेपण केंद्रांवरून आणि फ्री डिशवरून दाखवू शकते. पैसे भरूनही आपल्या जुन्या बॉक्सवर डीडीवरचा सामना दिसत नसेल, तर तो त्यामुळेच.

प्रतिसाद २

वरच्या प्रतिसादाशी सहमत आहे. बॉक्स एमपेग-४ (चित्र लहान करून पाठवण्याची नवी पद्धत) चा आहे ना, हे तेवढे खोक्यावर पाहून घ्यावे, कारण जुन्या एमपेग-२ बॉक्सवर फ्री डिशच्या सगळ्या वाहिन्या उघडत नाहीत. खासगी वाहिन्यांच्या जागा लिलावाने दिल्या जातात, म्हणून त्या येतात आणि जातात. एप्रिल २०२२ मध्ये मोठ्या समूहांच्या चार हिंदी मनोरंजन वाहिन्या एकाच वेळी बाहेर पडल्या होत्या. आपल्या यादीत दूरदर्शनच्याच वाहिन्या असल्यामुळे आई-बाबांना ती धास्ती नाही.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. रविवारी मी गावी गेलो होतो. एलएनबीवर ९७५०-१०६०० स्पष्ट छापलेले होते आणि बॉक्सही एमपेग-४ चाच निघाला. छत्री दक्षिणेकडे जास्त वळलेली होती आणि गेल्या पावसाळ्यातल्या वाऱ्याने तिचे नटही सैल झाले होते. बाबा टीव्हीपाशी बसून आकडा मोठ्याने ओरडून सांगत होते आणि मी पडवीवर शिडी लावून उभा होतो. पाऊण तास "शून्य, शून्य" ऐकल्यावर मी छत्री आणखी उभी केली आणि आतून "एकवीस" असा आवाज आला. तिथून पुढे दहा मिनिटांत क्वालिटी ६६ वर नेऊन नट आवळले. सह्याद्री लागली, सातच्या बातम्या लागल्या आणि फणसाची एक फांदीही तोडावी लागली नाही.

एकच शंका उरली आहे. सोमवारी पहाटे मुसळधार पाऊस आला तेव्हा क्वालिटी २० च्या खाली गेली आणि चित्र थांबले, पाऊस ओसरल्यावर ते आपोआप परत आले. आमच्याकडे जून ते सप्टेंबर हे रोजचेच होणार असेल तर त्यावर काही उपाय आहे का?

प्रतिसाद १

मुसळधार पावसात केयू बँडचे (डीटीएच ज्या लहरींवर चालते त्यांचे) सिग्नल क्षीण होतातच. पैसे भरून घेतलेल्या सेवेतही हे चुकत नाही. थोडी मोठी छत्री लावली तर चित्र जाण्याचे प्रमाण कमी होते, पण पूर्ण थांबत नाही. त्याआधी एलएनबीपाशी केबल जिथे जोडली आहे तिथे रबरी टोपी किंवा चिकटपट्टी घट्ट बसवावी, कारण कोकणात चित्र जाण्यामागे ढगांइतकेच त्या जोडात शिरलेले पाणी असते. आणि आता छत्री जिथे थांबली आहे तिथे पाइपावर आणि छत्रीला धरणाऱ्या पट्टीवर मिळून ऑइलपेंटची एक सरळ रेघ मारून ठेवावी, म्हणजे वाऱ्याने ती सरकली तर बाबांना रेघेचे दोन्ही तुकडे जुळवून ती जागेवर आणता येईल आणि आपल्याला शिडी चढायला गावी जावे लागणार नाही.