जुने गेम बोलके करायचे की अंधांसाठी वेगळे गेम बनवायचे?

पिक्सेलवेडा:
'डूम' हा राक्षसांवर गोळ्या झाडायचा गेम १९९३ साली आला, त्याचा सोर्स कोड (प्रोग्रामची मूळ आज्ञावली) १९९७ मध्ये खुला झाला. तशाच 'क्वेक'चा १९९९ मध्ये. 'क्वेक'वर पुढे 'ऑडिओक्वेक' तयार झाला. त्यात भिंत कुठे, शत्रू कुठे, हे आवाजावरून कळतं. ज्या ज्या जुन्या गेमचा कोड हाताशी आहे, ते सगळे असेच बोलके करावेत असं माझं मत. अंधांसाठी खास ऑडिओ गेम म्हणजे वेगळी पंगत मांडण्यासारखं आहे. मतं येऊ द्यात.

सरळमुद्दा:
असहमत. वरून पडणारे तुकडे रचायचा टेट्रिस घ्या. १० रुंद, २० उंच, म्हणजे २०० चौकोन. डोळ्याला ते एका नजरेत दिसतात, कानाला एकामागून एक ऐकावे लागतात. ऐकून होईपर्यंत तुकडा खाली येऊन बसलेला. मग तुम्ही वेग कमी करणार. मग त्यात टेट्रिस किती उरलं? त्यापेक्षा मुळातच कानासाठी रचलेले गेम बनवा. सेगा सॅटर्न या गेमयंत्रावर १९९७ मध्ये 'रिअल साउंड' आला होता, पडद्यावर चित्रच नाही. तो कुणाची नक्कल नव्हता.

कानोसा:
मी जन्मापासून अंध आहे, त्यामुळे दोघांनाही थोडं सुनावतो.

सरळमुद्दा, २०० चौकोन ऐकायचेत कुणाला? मला लागतात दहा रकान्यांच्या उंच्या. डावीकडून उजवीकडे दहा स्वर, जितका रकाना उंच तितका स्वर चढा. सेकंदाच्या आत होतं. मधली पोकळी त्यातून कळत नाही, मान्य. तिच्यासाठी वेगळी कळ द्या, हवी तेव्हा दाबेन. आमचा स्क्रीन रीडर (पडद्यावरचं वाचून दाखवणारा प्रोग्राम) ज्या वेगाने बोलतो तो ऐकलात तर तुम्हाला एक शब्द कळायचा नाही.

आता 'डूम'. त्यात आवाज मुळातच भरपूर आहेत. भिंतीपाशी 'यूज'ची कळ दाबली की आपला गडी कण्हतो, म्हणजे भिंत चाचपता येते. पण साधा बंदूकवाला आणि शॉटगनवाला ओरडतात अगदी सारखे. मूळ गेममध्ये आवाज फक्त डावा-उजवा होतो, समोरचा आणि पाठीमागचा यांत फरकच नाही. वर भिंतीआडचा राक्षससुद्धा उघड्यावरच्यासारखाच ऐकू येतो. जमिनीवरची काडतुसं तर उचलेपर्यंत मुकी. काम आहे ते एवढं. मागचा आवाज थोडा दबका करा, वस्तूंना बारीक टिकटिक द्या, मॉडवाले (गेममध्ये स्वतः बदल करणारे हौशी लोक) अशा गोष्टी करतातही.

पिक्सेलवेडा, तुमच्या बाजूचे लोक हौसेने आपोआप नेम धरणारी आणि आपोआप वाट चालवणारी सोय घालतात. मग मी फक्त गोळी झाडायची? माहिती द्या, निर्णय माझ्याकडे राहू द्या.

पिक्सेलवेडा:
नेमाचं पटतंय, पण सरसकट नाही. 'द लास्ट ऑफ अस पार्ट २' मध्ये (२०२०) साठाहून जास्त अ‍ॅक्सेसिबिलिटी सेटिंग (अपंगांना खेळता यावं म्हणूनच्या सोयी) आहेत. वाट दाखवणारी सोय आहे, नेमाला मदत आहे, पण प्रत्येक गोष्ट स्वतंत्रपणे बंद करता येते. नवख्याला ती लागते.

कानोसा:
बंद करता येत असेल तर माझी तक्रार नाही. जुन्या गेमवरच्या हौशी कामात बहुधा सगळं एकाच बटणाला बांधलेलं असतं.

फुकटचासल्ला:
कोड खुला नसेल तर? कार्ट्रिजवरच्या गेमचं काय करायचं?

पिक्सेलवेडा:
एम्युलेटर, म्हणजे जुन्या गेमयंत्राची नक्कल करणारा प्रोग्राम. गेमच्या मेमरीत खेळाडू कुठे उभा आहे, पुढच्या घरात काय आहे, हे आकड्यांत असतंच. ते वाचून बोलून दाखवायचं. 'पोकेमॉन अ‍ॅक्सेस' हेच करतं. चालही पाळीपाळीने, त्यामुळे घाईचा प्रश्न नाही.

सरळमुद्दा:
पाळीपाळीच्या गेमबद्दल माझा विरोध कधीच नव्हता. घाईचे सांगा. आणि हो, 'स्ट्रीट फायटर ६' चं (२०२३) उदाहरण कुणी देण्याआधी मीच देतो. प्रतिस्पर्धी किती लांब आहे, वार वरचा की खालचा, हे त्यात आवाजाने कळतं. पण ते बनवणाऱ्यांनीच गेम घडवताना घातलंय. तीस वर्षं जुन्या गेमला बाहेरून ठिगळ लावणं वेगळं.

कानोसा:
ठिगळ चालेल हो. मित्र ज्या लेव्हलबद्दल भांडतात तीच मला खेळायचीय. खास माझ्यासाठी बनवलेल्या गेमबद्दल भांडायला समोर कोण आहे?

सरळमुद्दा:
पण मग भिंतीआडचा आवाज दबका केलात की लेव्हलही बदलली. मूळ 'डूम'मध्ये भिंतीपलीकडचा राक्षस सगळ्यांनाच स्पष्ट ऐकू येतो, त्यातच अर्धी भीती आहे.

कानोसा:
तुम्हाला तो ऐकू येतो आणि भिंतही दिसते. मला एकच मिळतं. भीती तशीच ठेवायची असेल तर आवाज दबका करू नका, भिंत मध्ये आहे हे सांगणारा वेगळा बारीक स्वर जोडा. आहे तयारी?

सरळमुद्दा:
हे चालेल. टेट्रिसबद्दल अजून वाद घालणार आहे.