मदत हवी आहे: मिरर्स एज बंदूक न चालवता पूर्ण करायचाय

मंडळी, २००८ चा 'मिरर्स एज' हा व्हिडिओ गेम सध्या खेळतोय आणि अक्षरशः वेडा झालोय. छपरांवरून धावताना फेथचे (गेमच्या नायिकेचे) हातपाय दिसतात, श्वास ऐकू येतो, उंचावरून पडताना कोलांटी घेतली की वेग टिकतो. पुढची वाट लाल रंगात दिसते, त्यामुळे नकाशा बघायची गरजच पडत नाही. पात्राच्या डोळ्यांतून (फर्स्ट-पर्सन) खेळताना शरीराचं वजन इतकं जाणवणारा दुसरा गेम मी तरी खेळलेलो नाही.

माझ्या मित्राचं मत वेगळं आहे: गेम फार छोटा, आणि शिपाई समोर आले की सगळी लय तुटते. छोटा असण्याबद्दल माझी तक्रार नाही, पण लयीचं त्याचं म्हणणं मला खोडता येत नाहीये. बंद जागेत चारपाच जण गोळ्या झाडतात तिथे मी दहादा मरतो.

एकही गोळी न झाडता कोणी गेम संपवलाय का? शस्त्र हिसकावून घेण्याची नेमकी वेळ कशी साधता? की सरळ पळत सुटायचं? आणि याच मालिकेतल्या २०१६ च्या 'कॅटलिस्ट'मध्ये बंदुका वापरताच येत नाहीत, तर तिथली मारामारी धावण्यात जास्त मिसळते का?