मदत हवी आहे: 'रन' या शब्दाचे इतके अर्थ शिकवायचे कसे?

मंडळी, जरा मदत हवी आहे. माझी भाची इंग्रजी शिकतेय आणि 'रन' या एका शब्दापाशी आम्ही दोघी अडकलोय. रन म्हणजे धावणे इथपर्यंत ठीक आहे हो, पण मग नदी रन होते म्हणजे वाहते, कंपनी रन करतात म्हणजे चालवतात, निवडणुकीत रन फॉर म्हणजे उभं राहणं, कपड्याचा रंग रन होतो म्हणजे जातो, वर रन आउट ऑफ म्हणजे संपणं आणि रन इन्टू म्हणजे अचानक भेटणं! ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीत नुसत्या या क्रियापदाचेच ६४५ अर्थ मोजलेत, म्हणजे पाठांतराने होणारं काम नाहीच हे. समानार्थी शब्दांचं तर अजून अवघड, मॅनेज, फ्लो, स्प्रिंट सगळे एकाच यादीत दिसतात पण एकाच्या जागी दुसरा टाकला की वाक्यच बिघडतं. मला वाटतं यादी देण्यापेक्षा वाक्यांतूनच शिकवावं. कोणी असं शिकवलंय का? आधी कोणते अर्थ घ्यावेत, गट कसे पाडावेत? आणि प्रत्येक अर्थाला उदाहरण देणारी एखादी चांगली इंग्रजी-मराठी डिक्शनरी किंवा अ‍ॅप माहीत असेल तर प्लीज सांगा, तिला मनापासून शिकायचंय.