मदत हवी आहे: एकच फ्रेग्रन्स ऑइल साबण, लोशन आणि मेणबत्तीत चालेल का?

मंडळी, एक विचारायचं होतं. व्हॅनिला-लवंग मिक्स फ्रेग्रन्स ऑइल घेतलंय, वास इतका मस्त आहे की तिन्ही गोष्टींचा एकाच वासाचा सेट करून भेट द्यायचाय. सोबत इफ्राचं (सुगंधी पदार्थांच्या सुरक्षित वापराचे नियम ठरवणारी आंतरराष्ट्रीय संस्था) सर्टिफिकेट आहे, त्यात साबण कॅटेगरी 9, बॉडी लोशन 5ए आणि मेणबत्ती 12, प्रत्येकाचं लिमिट वेगळं. पण ते फक्त जास्तीत जास्त किती चालेल ते सांगतं, वास नीट यायला किती घालावं ते कुठे कळतं?

खरी अडचण कोल्ड प्रोसेस साबणाची (तेलं आणि कॉस्टिकचं पाणी न शिजवता मिसळून केलेला) आहे. ऑइल घालून ब्लेंडर फिरवला की बघता बघता बॅटर पिठल्यासारखं घट्ट होतं, साच्यात ओतायला वेळच मिळत नाही. लवंगेतल्या युजेनॉल या घटकामुळे असं होतं हे माहितीये, मग बॅटर थंड ठेवून, पाणी जरा वाढवून आणि ऑइल शेवटी हातानेच ढवळून घातलं तर जमेल का? शिवाय व्हॅनिलाच्या वासातल्या व्हॅनिलिनमुळे वड्या तपकिरी होतायत, आधी कडा आणि मग हळूहळू आतपर्यंत. व्हॅनिला स्टॅबिलायझर (हा तपकिरीपणा रोखायला घालतात ते) कोल्ड प्रोसेसमध्ये खरंच टिकतो का, की रंगच तसा धरून डिझाइन करावं?

लोशनमध्ये इमल्शन (तेल-पाण्याचं एकजीव मिश्रण) थंड झाल्यावर 0.5% घालायचा विचार आहे, चेहऱ्याला लावायचं नाहीये, तरी लवंग आहे म्हणून भीती वाटते. सोय वॅक्सला 8% ठीक ना? न पेटवता वास छान येतो, पेटवल्यावर मात्र जेमतेम, वात बदलू का?

ज्यांनी असं ऑइल वापरलंय त्यांनी प्लीज वजनातलं प्रमाण सांगा, थेंबात नको.