अनुभव धागा: पहाटेचा सामना आणि निवृत्तीनंतरचं काम

येत्या एप्रिलअखेर मी 58 पूर्ण करतो आणि शाळेतून निवृत्त होतो. वरूड तालुक्यातल्या एका गावात 33 वर्षं शारीरिक शिक्षण शिकवलं. अमरावतीला हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात बी.पी.एड. करताना बास्केटबॉलची गोडी लागली, ती सुटली नाही. याच मंडळाचं पथक 1936 साली बर्लिनला आपले देशी खेळ दाखवायला गेलं होतं, आणि त्याच ऑलिंपिकमध्ये बास्केटबॉल पहिल्यांदा पदकासाठी खेळला गेला. त्या मैदानावर पहिल्यांदा चेंडू हातात घेतला तेव्हा हे ऐकून अंगावर काटा आला होता.

2003 पासून अमेरिकेच्या एनबीए या बास्केटबॉल लीगमधला सॅन अँटोनिओ स्पर्स हा माझा संघ. आपल्या विदर्भात उन्हामुळे शाळा जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडतात, आणि एनबीएची अंतिम मालिका बहुतेक वेळा त्याआधी आटोपते. त्यामुळे माझी एकही अंतिम मालिका चुकली नाही. सकाळी सहा-साडेसहाच्या सुमारास सामना सुरू. बाहेर पेरणीची घाई, घरात मी टीव्हीसमोर.

2013 च्या अंतिम मालिकेतली सहावी लढत आजही डोळ्यांसमोर आहे. पाच सेकंद उरलेले, विजेतेपद जवळजवळ हातात आलेलं, आणि मायामीच्या रे ॲलननं कोपऱ्यातून तीन गुणांचा चेंडू टाकला. सातव्या लढतीत स्पर्सच्या टिम डंकनचा अगदी जवळचा फटका हुकला. मागे पळता पळता त्यानं दोन्ही तळहात जमिनीवर आपटले. 37 वर्षांचा माणूस. मी टीव्ही बंद केला आणि बागेत निघून गेलो. पुढच्याच वर्षी त्याच मायामीला त्यांनी 4-1 असं हरवलं.

मला आता वेगळंच दिसतं. ही माणसं खेळातून बाहेर पडायची कशी? डंकन 19 हंगाम खेळून 2016 मध्ये निवृत्त झाला, काही गाजावाजा नाही. तीन वर्षांनी सहायक प्रशिक्षक म्हणून एका हंगामासाठी परत आला, आणि गाड्या सजवण्याचं स्वतःचं दुकानही चालवतो. स्पर्सच्याच डेव्हिड रॉबिन्सननं खेळत असतानाच, 2001 मध्ये, सॅन अँटोनिओत शाळा काढली. प्रशिक्षक ग्रेग पोपोविच 29 हंगाम बाकावर होते, 1,422 विजय, कुणापेक्षाही जास्त. नोव्हेंबर 2024 मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि मे 2025 मध्ये त्यांनी जागा सोडली. संघ मात्र सोडला नाही. मिच जॉन्सनच्या हाती सूत्रं दिली आणि स्वतः बास्केटबॉल विभागाचे अध्यक्ष म्हणून त्याच इमारतीत राहिले.

मी नोव्हेंबर 2005 च्या आधी लागलो, म्हणून जुनी पेन्शन आहे. पोटाची काळजी नाही. पण सकाळी साडेदहाला घंटा वाजेल तेव्हा मी कुठे असेन, हे डोक्यातून जात नाही. अमरावतीच्या एका खाजगी शाळेनं प्रशिक्षक म्हणून बोलावलंय. इथे संत्र्याची दोनशे झाडं आहेत. आणि मैदानावर 14 मुली आहेत, ज्या मला विचारतात, "सर, पुढच्या वर्षी कोण शिकवन?"

तुमचा संघ कोणता, आणि निवृत्तीच्या वेळी तुम्ही काय केलं? मोकळेपणानं लिहा.

हिंगणघाट, गृहिणी

सर, अनुभव माझ्या यजमानांचा आहे, पण लिहिते मी, कारण ते लिहिणार नाहीत. ते जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढतात त्या कारखान्यात, फिटर होते. सुटले तेव्हा पहिले चार महिने फार वाईट गेले. पहाटे साडेचारला जाग यायची आणि पलंगावर नुसते बसून राहायचे. मुलीनं बोस्टन सेल्टिक्सचे सामने फोनवर लावून दिले. मार्चपासून ते सामने आपल्याकडे पहाटे पाचला सुरू होतात. त्यांना उठायला कारण मिळालं. मी चहा घेऊन शेजारी बसायची, हळूहळू मलाही खेळ समजू लागला.

जून 2024 मध्ये सेल्टिक्सनं 18 वं विजेतेपद जिंकलं. त्यात अल हॉरफर्ड नावाचा खेळाडू होता, 38 वर्षांचा, 17 हंगाम खेळून त्याचं हे पहिलंच. त्या सकाळी आमच्या घरी दोघांच्याही डोळ्यांत पाणी होतं. हे म्हणाले, "पाह्य, टिकून राह्यला."

त्याच दिवाळीत शेजारच्या गावच्या जिनिंगमधून माणूस आला. नवीन पोरांकडून मशीन नीट लागत नव्हती, सरकी फुटून रुईत येत होती. डबल रोलर जिनमध्ये रोलर आणि सुरी नीट जुळली नाही की असं होतं. यजमानांनी जाऊन हात लावला आणि कानानं सांगितलं कोणती मशीन बिघडली ते. आता कापसाच्या हंगामात, दिवाळी ते मार्च, ते रोज चार तास जातात. दोन मुलं हाताखाली शिकतायत. पगार जुन्या पगाराच्या निम्माही नाही. पण डबा भरताना ते आता मला भाजी कोणती हे विचारतात, आधी विचारत नव्हते.

दर्यापूर, शेतकरी

सर, तुमचा स्पर्स तोच माझाही. अकोल्याच्या कृषी विद्यापीठात असताना आम्ही खेळलो.

शेतकऱ्याले निवृत्ती नसते असं सगळेच म्हणतात. मी म्हणतो, असते, पण तारीख कोणी सांगत नाही. माझी आली ती गेल्या खरिपात. खारपाणपट्ट्यातली जमीन, पोरानं सांगितलं यंदा कापूस कमी करू, तूर आन् हरभरा वाढवू. मी नाही म्हटलं. दोघांत आठ दिवस बोलणं नाही.

त्या दिवसांत जुने सामने पाहून राहिलो होतो, आपल्या स्पर्सच्या मनू जिनोबिलीचे. अर्जेंटिनाचा एवढा मोठा खेळाडू, सुरुवातीच्या पाचात खेळू शकला असता. प्रशिक्षकानं त्याले बाकावर बसवलं आन् मधात उतरवलं. तो उतरला आन् 2008 मध्ये सर्वोत्तम सहावा खेळाडू ठरला. 41 व्या वर्षापर्यंत खेळला. हे मी कितीदा पाहिलं असन, पण तेव्हाच ध्यानात आलं. पोराले बोलावलं आन् म्हटलं, "तू ठरव, मी मधात उतरतो."

आता फवारणी कधी, बियाणं कोणतं, हे त्याचं. मजूर सांभाळणं माझं, कारण त्याले ते जमत नाही. बाजार समितीत माल नेणंही माझं. व्यापाऱ्याशी बोलणं त्याले आवडत नाही, मले लई आवडते. बाकावर बसणं पहिल्या महिन्यात जड गेलं, हे खोटं नाही सांगत. पोरगा सकाळी धुऱ्यावर उभा राहून मजुराले काम सांगे आन् मी मांडवात बसून ऐकत राहो. जिभेवर शब्द येत, गिळून टाको. तूर चांगली झाली. कापूस असता तर कसा झाला असता, हे मी त्याले विचारलं नाही.

भामरागड तालुका, ग्रामीण डाक सेवक

आमचं निवृत्तीचं वय 65, त्यामुळे मला अजून सहा वर्षं आहेत. संघ लेकर्स, कारण लेब्रॉन जेम्स. इथे सामना दिसण्याइतकं नेटवर्क क्वचितच. मी फक्त गुणपत्रक बघतो. पावसाळ्यात तेही दोन-दोन दिवस उघडत नाही. 22 ऑक्टोबर 2024 ला लेब्रॉन आणि त्याचा मुलगा ब्रॉनी एकाच वेळी मैदानात उतरले, एनबीएमध्ये असं आधी कधी झालं नव्हतं. मला दुसऱ्या दिवशी टेकडीवर चढल्यावर कळलं. गुणपत्रकात एकाखाली एक ती दोन नावं बघितली आणि मुलाला फोन लावला. तो नागपूरला असतो. काही बोलायचं नव्हतं, नुसता लावला.

पुसद, निवृत्त बसचालक

सगळ्यांचं वाचलं. माझं थोडं वेगळं मत आहे, राग मानू नका. या खेळाडूंनी 40 व्या वर्षापर्यंत सात पिढ्यांचं कमावलेलं असतं. त्यांना काय करावं हा प्रश्न आवडीचा असतो. माझ्यासारख्याला ईपीएस-95 ची, म्हणजे पीएफसोबतच्या योजनेची पेन्शन मिळते. 2014 पासून त्यात किमान पेन्शन एक हजार रुपये आहे, माझी त्याहून थोडी जास्त, पण त्यात बायकोची शुगरची गोळी आणि किराणा बसत नाही. म्हणून मी शाळेची व्हॅन चालवतो. डोळे तपासून, डॉक्टरांचा दाखला देऊन परवान्याचं नूतनीकरण केलं.

संघ गोल्डन स्टेट वॉरियर्स. त्यांचा घरचा सामना हिवाळ्यात आपल्याकडे सकाळी साडेआठला. पोरांना शाळेत सोडलं की कडुनिंबाखाली व्हॅन लावून बघतो. त्यांच्या स्टीफन करीचे फटके बघताना छातीत हलकं वाटतं, हे खरं. पण त्यांच्याकडून काम कसं करावं ते मी शिकत नाही. ते मी 31 वर्षं घाटात गाडी उतरवताना शिकलोय. त्यांच्याकडून मी फक्त आनंद घेतो, आणि तो मला पुरतो.

सर, तुम्हाला पेन्शन आहे. मग अमरावतीच्या पैशाकडे बघू नका, एवढंच म्हणतो.

धारणी, निवृत्त आरोग्य सेविका

पुसदच्या दादांचं पटलं. तरी एक नाव लिहिते. मुलगी डेन्व्हरला आहे म्हणून मी नगेट्स बघू लागले, 2023 ला त्यांनी पहिलं विजेतेपद मिळवलं. जुन्या खेळाडूंबद्दल मुलगी सांगायची, त्यात डिकेम्बे मुटोम्बो. 1994 मध्ये आठव्या मानांकनाच्या नगेट्सनी पहिल्या मानांकनाच्या सिएटलला हरवलं, तेव्हा तो चेंडू डोक्यावर धरून जमिनीवर आडवा पडला होता. तो काँगोचा. त्याची आई वेळेवर दवाखान्यात पोचू शकली नाही. त्यानं तिच्या नावानं किन्शासात मोठं रुग्णालय बांधलं, 2007 मध्ये ते सुरू झालं. 2024 च्या सप्टेंबरात तो मेंदूच्या कर्करोगानं गेला. वय 58.

मी त्याच वयाला निवृत्त झाले होते. तो आकडा वाचून बराच वेळ ओसरीत बसले. मेळघाटात वेळेवर दवाखाना म्हणजे काय, ते मी 34 वर्षं पाहिलंय. पावसाळ्यात नाला भरला की बाळंतीण अलीकडे आणि गाडी पलीकडे. रुग्णालय बांधणं माझ्या हातात नाही. आठवड्यातून दोन दिवस अंगणवाडीत जाते, लटकत्या काट्यावर बाळांचं वजन करायला ताईंना मदत करते. कोरकू येतं मला, त्यामुळे बाया मोकळ्या बोलतात. परवा एका आईनं बाळाला काट्याच्या झोळीत ठेवलं आणि स्वतःच आकडा वाचून दाखवला. शाळा शिकलेली नव्हती ती.

वरूड तालुका, धागा सुरू करणारा

सगळ्यांचे आभार. दर्यापूरचे भाऊ, "मधात उतरतो" हे मी घरी वाचून दाखवलं, बायको म्हणाली, हे तुमच्यासाठीच आहे. पुसदचे दादा, तुमचंही मनाला लागलं. अमरावतीच्या शाळेला "नाही" असं कळवलं आहे.

नवीन सर रुजू झालेत. 29 वर्षांचे, कबड्डीचे खेळाडू. बास्केटबॉल फारसा येत नाही म्हणून ते थोडे बावरले होते. मुली अजून मलाच विचारतात, आणि मी उत्तर द्यायला तोंड उघडतो. आता ठरवलं आहे की आधी सरांकडे बघायचं. दोनदा जमलं, एकदा नाही.

परवा आम्ही दोघांनी रिंगची उंची मोजली. जमिनीपासून 10 फूट हवी. दरवर्षी मुरूम टाकून टाकून मैदान चढलं, ती नऊ फूट आठ इंच भरली. इतकी वर्षं पोरी चार इंच खाली टाकत होत्या आणि माझ्या लक्षात आलं नाही. सर स्टुलावर टेप धरून उभे होते, मी खालून आकडा वाचला. त्यांनी विचारलं, "खांब वर घ्यायचा की मुरूम काढायचा?" मी म्हटलं, तुम्ही सांगा. त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, खांब. वेल्डर सोमवारी येतो म्हणालाय.