एका रब्बींची, म्हणजे यहुदी धर्मगुरूंची, प्रवचनं ऐकून खूप आधार वाटतोय, अजून कोणाला असं झालंय का?

रोह्याची_नात

शालोम सगळ्यांना. पहिल्यांदाच लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या यहुद्यांपैकी, घराणं मूळचं रोह्याकडचं, वाढले ठाण्यात आणि लग्नानंतर आठ वर्षं झाली नाशिकला. नवरा हिंदू आहे, फार समजूतदार आहे, पण इथे ना सिनेगॉग, म्हणजे आपलं प्रार्थनास्थळ, ना आपलं कोणी. ठाण्यात होते तेव्हा शब्बाथला, शुक्रवार संध्याकाळपासूनच्या विश्रांतीच्या दिवसाला, काही वेगळं करावं लागायचंच नाही, बाबांचा हात धरून निघायचं की झालं. गेल्या वर्षी बाबा गेले. भाऊ इस्रायलला असतो, त्याने तिकडे मिनियानमध्ये, दहा जणांच्या प्रार्थनेत, रोज कद्दीश ही गेलेल्यांसाठीची प्रार्थना म्हटली, आणि मी इथे एकटी, मला तर काय म्हणायचं तेही सुचत नव्हतं.

तेव्हा कोणीतरी रब्बी जोनाथन सॅक्स यांचं एक रेकॉर्डिंग पाठवलं. लंडनचे, १९९१ ते २०१३ तिथले मुख्य रब्बी होते, २०२० मध्ये वारले. आता दर शुक्रवारी दुपारी ऐकते. मोबाईल मसाल्याच्या डब्याला टेकवून ठेवायचा, किद्दुशच्या, शब्बाथच्या आशीर्वादाच्या, शरबतासाठी भिजवलेल्या काळ्या मनुका हाताने कुस्करायच्या, दिव्याचा ग्लास पुसून त्यात पाणी आणि वर खोबरेल घालायचं, आणि दिवा लावायच्या आधी मोबाईल बंद.

तोराचा, आपल्या धर्मग्रंथाचा, दर आठवड्याला वाचायचा एक भाग म्हणजे पाराशा, त्यातली एक आहे बो, मिसरातून म्हणजे इजिप्तमधून निघायच्या आदल्या रात्रीची. ते सांगतात की एवढ्या वर्षांची गुलामी संपतेय आणि मोशे लोकांशी स्वातंत्र्याबद्दल नाही बोलत, दूधमधाच्या देशाबद्दल नाही बोलत, तो मुलांबद्दल बोलतो, पुढे तुमची मुलं विचारतील तेव्हा त्यांना काय सांगाल. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. मी गॅस बंद केला आणि तिथेच ओट्याला टेकून रडले. कारण त्याच आठवड्यात माझ्या सात वर्षांच्या मुलीने विचारलं होतं, आई आपण नक्की कोण, आणि मी म्हटलं होतं नंतर सांगते.

तर विचारायचं हे की हे ठीक आहे ना? ते अश्केनाझी, म्हणजे युरोपातल्या यहुदी परंपरेचे, इंग्लंडचे, आणि आपल्याकडे तर शेकडो वर्षं रब्बीच नव्हते, नुसती शेमा ही एक प्रार्थना आणि शनवारी बंद ठेवलेला घाणा, म्हणून तर आपण शनवार तेली. मग मला आपलेपणा बाहेरच्या माणसाकडून मिळतोय याचं मधेच वाईट वाटतं. आणि मुलीला काय सांगू?

---

अश्दोदची_मावशी

बाळा, मी ८१ वर्षांची आहे, नातू टाइप करून देतोय. तुला काय वाटतंय ते मला कळतं, पण माझी गोष्ट उलटी आहे. मला कित्येक वर्षं रब्बी हा शब्द ऐकला की पोटात गोळा यायचा.

आम्ही इकडे इस्रायलला आलो तेव्हा मी लग्नाची होते. लग्नासाठी रब्बींच्या कचेरीत नाव नोंदवायला गेलो तर टेबलापलीकडच्या माणसाने आईचं नाव विचारलं, आजीचं विचारलं, मग आजीच्या आईचं. मला पणजीचं नाव माहीत नव्हतं गं, आम्ही तिला मोठी आई म्हणायचो. तो म्हणाला कागद आणा. आपले पूर्वज ज्यातून आले त्या नवगावच्या किनाऱ्याला फुटलेल्या गलबताचे कागद कुठून आणायचे? हे १९६२ नंतरचं, तेव्हा फक्त आपल्या लोकांच्या लग्नाला असली चौकशी लागायची. मग १९६४ च्या उन्हाळ्यात आपली माणसं जेरुसलेमला जाऊन बसली, लेकरंबाळं घेऊन, आणि क्नेसेतने, इथल्या संसदेने, ठराव करून सांगितलं की बेने इस्राएल हे सर्व बाबतीत यहुदीच. तेव्हा कुठे सुटलो.

त्यानंतर मी सणाला जायची पण दराशा, म्हणजे प्रवचन, सुरू झाला की बाहेर अंगणात येऊन बसायची. यजमान गेल्यावर एका शावुओतच्या सणाला मात्र आत बसून राहिले, गुडघे दुखत होते म्हणून. आमच्या इथल्या रब्बींनी रूथवर सांगितलं, परक्या कुळातली असून सासू नाओमीबरोबर आपल्यात आलेली ती. म्हणाले रूथ आधी म्हणते तुझे लोक ते माझे लोक, आणि मग म्हणते तुझा देव तो माझा देव. आधी माणसं, मग बाकीचं. आणि तिच्याकडे कोणी कागद मागितला नाही, ती नाओमीला सोडून गेली नाही एवढंच. मी त्यांच्याकडे बघतच राहिले. तेव्हापासून आत बसते.

बाहेरचा माणूस म्हणून मनाला लावून घेऊ नकोस. ज्याने दार लावलं तोही रब्बीच होता आणि ज्याने उघडलं तोही.

---

रास्ता_पेठ_पुणे

ताई, ऐका जरूर, मीही त्यांचं ऐकतो. पण आपल्याकडे प्रवचन नव्हतं हे काही मला पटत नाही. आपल्याकडे कीर्तन होतं! १८८० च्या सुमारास आपल्या लोकांनी मराठीत कीर्तनं सुरू केली, अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्यानं, साकी-दिंडीत बांधलेली, पेटी-तबला घेऊन. माझी आजी योसेफ भावांना ओळख देतो तो भाग म्हणायची तेव्हा पदराने डोळे पुसायची, आणि तिला हिब्रू वाचता येत नव्हतं. पुण्यात १८७४ ला मराठी हगादा, मिसरातून सुटल्याची गोष्ट सांगणारं पुस्तक, छापला गेला, तो कोणासाठी? पेसाहच्या, त्या सुटकेच्या सणाच्या, रात्री पोरांना कळावं म्हणूनच.

म्हणून माझं मत असं की त्या रब्बींचं इंग्रजी तुम्ही ऐका पण मुलीला मराठीतून सांगा, आणि सोबत मलिदा करा, पोहे गूळ खोबरं आणि पाच फळं, एलियाहू हन्नाबी या संदेष्ट्याचं नाव घेऊन. आणि सुट्टीत अलिबागजवळ खंडाळ्याला नेऊन एलियाहूच्या घोड्यांच्या म्हणतात त्या टापा दाखवा. हे लंडनचे रब्बी सांगणार नाहीत, ते तुम्हालाच सांगायला लागेल.

---

अर्धा_पेणकर

मी जरा वेगळं लिहितो. माझे वडील बेने इस्राएल, आई मराठा. म्हणजे आईवरून ठरवणाऱ्या धर्मशास्त्राने मी यहुदी नाही. ओळखीवरचं प्रवचन मी ऐकायला घेतो आणि "आपण" हा शब्द आला की थांबतो, कारण त्यात मी आहे की नाही ते कळत नाही. मावशींचं वाचून आज बरं वाटलं, पण तो काटा आहेच.

---

रास्ता_पेठ_पुणे

@अर्धा_पेणकर दादा, रंबाम या मोठ्या यहुदी पंडिताचं एक पत्र आहे, आठशे वर्षांपूर्वीचं, ओवाद्या नावाच्या माणसाला लिहिलेलं. तो धर्म स्वीकारून आलेला, त्याने विचारलं की प्रार्थनेत मी "आमच्या पूर्वजांचा देव" असं म्हणू का, माझे पूर्वज तर ते नव्हते. रंबामने कळवलं, म्हण, जसंच्या तसं म्हण, एक शब्द बदलू नकोस, अब्राहाम तुझाही बाप आहे. तुमची गोष्ट तीच नाही हे कळतं मला, ओवाद्याने विधी केला होता. पण दार आहे, आणि तुम्ही तर अंगणातच वाढलात. पुण्याला आलात तर शनवारी सकाळी या, मी बाहेर उभा राहीन.

---

रोह्याची_नात

मावशी, तुमचं मी दोनदा वाचलं आणि नवऱ्यालाही वाचून दाखवलं. आता भावाला फोन करून आमच्या पणजीचं नाव विचारते, त्याला नसेल माहीत तर ठाण्याच्या आत्याला.

काल रात्री मुलीला सांगितलं. रब्बी सॅक्स जे नेहमी सांगायचे ना की सेफेर तोरामध्ये, तोराच्या हाताने लिहिलेल्या गुंडाळीत, प्रत्येक जण एक अक्षर आहे, तेच. ३,०४,८०५ अक्षरं, आणि एक जरी पुसलं तरी ती वाचायला चालत नाही, आधी दुरुस्त करावी लागते. तिने विचारलं माझं अक्षर कुठलं. मी म्हटलं ते अजून शोधतोय. मग ती म्हणाली आजोबांचं पुसलं का. मी म्हटलं नाही, ते तसंच आहे.

पेणकर दादा, तुम्ही पुण्याला जाल तेव्हा इथे लिहा, आम्ही पण येऊ. पोहे मी आणते.